आजी ही काही सरकारी योजना नव्हे



वाड्यांच्या आठवणी आपण सगळेच लिहितो. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, चौकातला हौद, गच्चीवर वाळत घातलेले पापड, गणपतीतली नाटकं. या आठवणींत एक वाक्य हटकून येतं: "तेव्हा मुलं कधी मोठी झाली ते कळलंसुद्धा नाही." मला आज या वाक्याबद्दल बोलायचं आहे. मुलं आपोआप मोठी होत नसतात. ज्यांना कळलं नाही, त्यांच्या वाटणीचं दुसऱ्या कोणाला तरी चांगलंच कळलेलं असतं. मी १९७४ ते २०१२ बँकेत काढली. सवय अशी लागली आहे की जमेला रक्कम दिसली, की ती नावे कोणाच्या पडली ते आधी बघायचं.

आजचा विषय विद्यापीठांतल्या पाळणाघरांचा. गुजराती शेजारी ज्याला घोडियाघर म्हणतात ते. तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या पेन्शनर बाईला याचं काय पडलं आहे? पडलं आहे. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कुठेही बघा, आपल्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच इस्टेट जपली, ती म्हणजे शिक्षण. आपल्या लेकी-सुना आज विद्यापीठांत शिकवतात, संशोधन करतात, लायब्ररीत आणि परीक्षा विभागात काम करतात. आणि त्यांना मूल झालं की पहिला फोन आपल्याला येतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्रत्येक विद्यापीठाच्या आवारात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नीट चालणारं पाळणाघर हवं. ते फक्त कायम नोकरीतल्या प्राध्यापिकांपुरतं नको. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर शिकवणारे, ऑफिसातले कारकून, सफाई करणाऱ्या बायका, पीएच.डी. करणारे विद्यार्थी, आई असो वा बाप, सगळ्यांसाठी हवं. आणि त्याचा खर्च विद्यापीठाच्या बजेटात स्वतःच्या नावाने दिसायला हवा.

आता हे म्हणण्यामागचं कारण.

माझी धाकटी लेक दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. त्याच गाइडकडे, त्याच लॅबमध्ये, तिच्याच वर्षाची आणखी एक मुलगी होती. दोघींची लग्नं मागेपुढे झाली आणि २०१७ मध्ये पाच महिन्यांच्या अंतराने दोघींना मुलं झाली. हुशारीत डावं-उजवं करायचं तर ती मैत्रीण काकणभर सरसच, हे माझी लेकच सांगते. विद्यापीठात पाळणाघर नव्हतं. आसपास जी खासगी होती ती दोन वर्षांच्या आतलं मूल घ्यायला तयार नव्हती.

लेकीचा फोन आला, "आई, येतेस का थोडे दिवस?" त्या थोड्या दिवसांचे चौदा महिने झाले. मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पेन्शन येत होती, तब्येत धडधाकट होती. आमचे हे बडोद्यात एकटे राहिले, डबा लावला, गोळ्यांची वेळ माझ्या फोनवर सांभाळली. जावई सकाळी सहाला कंपनीच्या बसने जायचा तो रात्री आठला यायचा. दिवसभर नातू आणि मी. गाजर-बीटची पेज, ताप, दात, लसीकरणाचं कार्ड, दुपारची झोप. लेक लॅबमध्ये.

मैत्रिणीची आई आधीच गेलेली. सासू गावाकडे दोन एकरांत राबणारी. ती पेरणी-काढणी सोडून परक्या शहरात येणार कशी? त्या मुलीने मिळायची ती रजा घेतली. मग बाळाला शेजारच्या एका बाईंकडे ठेवून बघितलं. बाळाला ताप आला की ही चार दिवस घरी. लॅबमध्ये लावलेला प्रयोग बाळाच्या तापासाठी थांबत नाही. वर्षाच्या आत तिने नाव काढून घेतलं. आज ती आपल्या गावी बारावीच्या शिकवण्या घेते, मन लावून घेते म्हणे. माझी लेक डॉक्टरेट झाली.

विभागाच्या दप्तरी या दोघींबद्दल काय नोंद असेल? एकीपुढे "पूर्ण", दुसरीपुढे "वैयक्तिक कारणास्तव सोडले". "वैयक्तिक कारणास्तव" हे शब्द मी बँकेत शेकडो अर्जांवर वाचले आहेत. बायकांच्या अर्जांवर ते आले की बहुतेक वेळा त्यांच्या मागे एक पाळणा असायचा. या प्रकरणात तर कारण मुळीच वैयक्तिक नव्हतं. एकीला रिकामी, निरोगी, पेन्शनर आजी होती आणि दुसरीला नव्हती, एवढाच फरक. लेकीच्या पदवीत माझा वाटा आहे म्हणून नातेवाईक माझं कौतुक करतात. मला त्यात मिरवावंसं वाटत नाही. जी परीक्षा आजी असण्या-नसण्यावर पास-नापास ठरते ती बुद्धीची परीक्षा कशी म्हणायची?

आता कायदा काय देतो ते बघू. शिव्या देण्याआधी खातं तपासावं, हा आमचा धंद्याचा नियम.

मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. त्यात बारा आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. त्याच दुरुस्तीत आणखी एक मोठी गोष्ट आली: जिथे पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. हे १ जुलै २०१७ पासून लागू झालं. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतली गेली.

यातली बारीक गंमत बघा. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर बायकांची डोकी मोजून ठरायचं. तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तरच पाळणाघर. म्हणजे मालकाने तिसावर हात आखडला की पाळणा टळला. २०१७ मध्ये कायद्याने पहिल्यांदा बाई-पुरुष न बघता सगळे कर्मचारी मोजले. मूल हे आईचंच असतं असं नाही, बापाचंही असतं, हे निदान मोजणीपुरतं तरी मान्य झालं. चार वेळा जाऊन बघायची मुभा मात्र अजून आईलाच आहे. बाप तेवढा वेळ चहाच्या टपरीवर जाऊ शकतो, पाळणाघरात नाही.

विद्यार्थ्यांचं बघू. यूजीसीच्या २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या बाईला संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा देण्याची सोय आहे. मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना पत्र लिहून इतर विद्यार्थिनींसाठीही मातृत्व रजेचे, हजेरीतल्या सवलतीचे नियम करायला सांगितलं. केंद्र सरकारच्या कायम नोकरीतल्या बाईला पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि २०१८ पासून एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळू लागली. हे सगळं चांगलंच आहे. माझ्या वेळी यातलं काहीच नव्हतं, हेही सांगते. १९७९ मध्ये थोरला झाला तेव्हा मी तीन महिन्यांत काउंटरवर परत उभी होते. दुपारी दोनच्या सुमाराला ब्लाउज ओला व्हायचा, पदर पुढे ओढून कॅश टॅली करायची.

पण हिशेब मांडा. पीएच.डी.वाल्या आईला २४० दिवस. बालवाडी मूल घेते साधारण तीन वर्षांचं झाल्यावर, म्हणजे १,०९५ दिवसांनी. वजाबाकी करा. उरले ८५५ दिवस. या ८५५ दिवसांच्या रकान्यात नियमांच्या पुस्तकात काय लिहिलं आहे? काही नाही. कायम नोकरीतल्या बाईला रजेच्या तुकड्यांनी त्यातलं थोडं भरून काढता येतं. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवाल्या मुलीला तेही नाही, कारण तिची रजा मंजूर होण्याआधी ऑर्डरच संपते. आणि विद्यार्थी तर कर्मचाऱ्यांच्या पन्नासात मोजलेच जात नाहीत. त्या कोऱ्या रकान्यात "आजी" असं सगळ्यांनी मनातल्या मनात लिहून ठेवलं आहे. आमच्या भाषेत याला ताळेबंदाबाहेरचं देणं म्हणतात. ते कागदावर दिसत नाही म्हणून संस्था सुदृढ वाटते.

शिवाय रजा आणि पाळणाघर यांत गल्लत होते. रजेने बाई घरी राहते. तिला कामावर परत यायचं असेल तर लागतं पाळणाघर. रजा वाढवत नेली आणि पाळणाघर दिलंच नाही, तर होतं असं की पुढच्या वेळी मुलाखतीला बसलेले लोक लग्न झालेल्या मुलीकडे बघून मनात रजेचे दिवस मोजायला लागतात.

इथे कोणीतरी म्हणणारच, "अहो, आपल्या वाड्यात पाळणाघर लागत होतं का?" लागत होतं. होतंही. फक्त त्याला पाटी नव्हती.

माझ्या सासरच्या वाड्यात ते माझ्या सासूबाई आणि एक विधवा आत्या चालवायच्या. आत्यांना दोन वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी. त्यांना या कामाबद्दल कोणी विचारलं नव्हतं, तसा रिवाजच नव्हता. माझ्या माहेरी ते पाळणाघर म्हणजे माझी थोरली बहीण, आमची माई. आम्ही पाच भावंडं, आई सारखी आजारी, धाकटा कडेवरचा. माई सातवीतून घरी बसली ती बसलीच. मी कॉमर्स फॅकल्टीतून बी.कॉम. झाले, भाऊ इंजिनिअर झाला, धाकटा परदेशी गेला. माई लग्न होईपर्यंत आमची बालवाडी होती. गणितात आमच्यात तीच पुढे होती, हे आमचे वडील म्हातारपणी सांगायचे. वाड्यातली मुलं आपोआप मोठी झाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या वाड्यातली माई कोण होती ते आठवून बघावं. प्रत्येक वाड्यात एक होती.

ताराबाई मोडकांना हे नेमकं कळलं होतं. ताराबाई म्हणजे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने काम केलेल्या, गुजरात-महाराष्ट्र दोन्हीकडच्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. आदिवासी पाड्यांवर मोठी बहीण शाळेत येऊ शकत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं असतं, हे त्यांनी बघितलं. मग ताराबाई आणि अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिला विकासवाडी म्हणायचे. धाकट्याची सोय झाली की मोठीची शाळा सुरू. इतकं साधं. एमएस्सी होऊन संशोधनाला लागलेली मुलगी आणि कोसबाडच्या पाड्यावरची ती मोठी बहीण, दोघींचं शिक्षण अडतं ते एकाच कारणाने. कडेवरचं मूल ठेवायचं कुठे?

आणि हे कसं करायचं ते माहीत नाही, असं तर कोणी म्हणूच नये. बडोद्यात आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० पासून होम सायन्स शिकवतात. त्यातल्या बालविकास विभागाची चेतन बालवाडी आपल्यापैकी कितीतरी घरांनी बघितली आहे. लहान मूल कसं वाढतं, त्याला काय लागतं, किती मुलांमागे किती माणसं लागतात, हे तिथून शिकून गेलेल्या मुली देशभर शिकवतात. या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "सगळे पुरुष" असं होतं त्या जागी "सगळी माणसं" असं करून घेण्यात ज्यांचा वाटा होता, त्याच या बाई. दिल्लीच्या जेएनयूच्या आवारातही पाळणाघर चालत आलं आहे. सगळ्यात कठीण ठिकाणचं उदाहरण हवं असेल तर १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागेवर मजूर बायकांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. सिमेंटच्या धुरळ्यात जे जमतं ते झाडांनी भरलेल्या, चोवीस तास वॉचमन असलेल्या आवारात का जमू नये?

आता आक्षेप. मी हा विषय काढते तेव्हा तीन आक्षेप ठरलेले असतात.

पहिला, "इतक्या थोड्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला?" बँकेत एक गोष्ट शिकले. ज्यांनी खातं बंद केलं त्यांची तक्रार कधी येत नाही. म्हणून शाखेत सगळं आलबेल आहे असं समजायचं नसतं. आवारात मुलं असलेल्या विद्यार्थिनी थोड्या दिसतात, कारण बाकीच्या निघून गेल्या आहेत. माझ्या लेकीच्या मैत्रिणीचं नाव आज कोणत्याही मागणीपत्रावर नाही. ती मागणी करायला तिथे आहेच कुठे?

दुसरा, "मूल आईजवळच वाढावं." मुलाला आपुलकीचं माणूस हवं, वेळेवर खाणं हवं, झोप हवी, बोलणारं कोणी हवं, हे शंभर टक्के खरं. आई दोनशे पावलांवर असणं, मधल्या वेळेत येऊन पाजून जाणं, हे आवारातल्या पाळणाघरातच शक्य आहे. घरी कोंडून मोबाइल हातात दिलेलं मूल आईजवळ असतं, पण ते वाढत असतं असं मला काही वाटत नाही. आणि एक विचारते. हा आक्षेप घेणाऱ्या किती जणांची मुलं खरोखर आईने एकटीने वाढवली? वाड्यात तर सहा हातांत फिरत होती.

तिसरा, "पैसे कुठून आणायचे?" हा माझ्या आवडीचा. चला, मांडू. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, गावाप्रमाणे बदलतील. समजा, वीस मुलं. चार ताया, प्रत्येकी १८,००० रुपये: ७२,०००. एक प्रशिक्षित प्रमुख: ३०,०००. दूध, खाणं, साबण, औषधपेटी, किरकोळ: १८,०००. महिन्याचे झाले १,२०,०००. म्हणजे एका मुलामागे ६,०००. जागा आणि वीज विद्यापीठाची आहेच. आता जमा. बारा मुलं कर्मचाऱ्यांची धरू, पगाराप्रमाणे कमी-जास्त पण सरासरी ४,५०० रुपये फी: ५४,०००. आठ मुलं विद्यार्थ्यांची, प्रत्येकी १,०००: ८,०००. एकूण ६२,०००. तूट महिन्याला ५८,०००, वर्षाला ६,९६,०००. सात लाखांच्या आत. ज्या संस्थेत हजारो मुलं शिकतात तिथे ही रक्कम बजेटाच्या कोणत्या पानावर येईल, ते तुम्हीच ठरवा. आवारात वाहनतळासाठी पत्र्याचं छप्पर टाकताना कोणी विचारत नाही की गाडी ही मालकाची वैयक्तिक बाब आहे, तिची सोय संस्थेने का करावी.

विद्यापीठांना हा कायदा नेमका कसा आणि किती लागू होतो, यावर वकील मंडळींनी खुशाल वाद घालावा. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा त्यांच्यावर कोणत्या कायद्याची सक्ती होती? घराची म्हणून सोडून दिलेली एक बाब राज्याने आपल्या खर्चात घेतली. त्याचं व्याज आपण चार पिढ्या खात आहोत.

मात्र पाळणाघर म्हणजे जिन्याखालची एक खोली, चार तुटकी खेळणी आणि निवृत्तीला आलेली एक शिपाईबाई, असं करणार असाल तर नका करू. अशी पाळणाघरं सहा महिन्यांत ओस पडतात, आणि मग "बघा, सोय केली होती, कोणी आलंच नाही" म्हणायला साहेब मोकळे. पाळणाघराची वेळ लॅब आणि ऑफिस सुटेपर्यंत हवी. तळमजला हवा, स्वच्छ संडास हवा, पाजायला आडोसा हवा, आजारी मुलाला वेगळं निजवायची जागा हवी. बापानेही मूल आणून सोडावं, मधे येऊन बघावं. आणि तिथे काम करणाऱ्या ताईला नीट पगार, रजा आणि तिच्या स्वतःच्या बाळाला त्याच पाळणाघरात जागा हवी. नाहीतर आपण वाड्यातल्या आत्याला फक्त गणवेश घातला असं होईल.

आजी-आजोबांबद्दल एक शब्द. नातवंडं सांभाळायचा मला कंटाळा आहे, असा अर्थ कोणी काढू नका. ते चौदा महिने मला आयुष्यभर पुरतील इतकं सुख देऊन गेले. पण मी ६५ वर्षांची होते, आज गुडघे वेगळे आहेत. माझ्या वयाच्या निम्म्या मैत्रिणी स्वतःच नवऱ्याची औषधं नाहीतर सासूचं अंथरूण सांभाळत आहेत. माझ्यानंतरच्या आज्या तर स्वतः नोकरीत आहेत, साठीपर्यंत सुटणार नाहीत. नातवाला हौसेने खेळवायचं आणि कोणाच्या तरी नोकरीचा खांब होऊन उभं राहायचं, यांतलं दुसरं काम आजीवर लादलेलं असू नये. आजीने यावं ते लाडू घेऊन यावं, चौदा महिन्यांचं सामान घेऊन नव्हे.

मग आपण काय करायचं? आपली मंडळं हिंदी-गुजराती-तेलुगू-कन्नड मुलखांत शंभर-शंभर वर्षं टिकली, ती भांडून नव्हे, वर्गण्या काढून. तेव्हा दोन सूचना करते.

एक. आपल्या मंडळांचे हॉल गणपती, दिवाळी पहाट आणि लग्नसराई सोडली तर सोमवार ते शुक्रवार कुलपात असतात. जिथे हॉल विद्यापीठाजवळ आहे तिथे मंडळाने विद्यापीठाशी बोलून तळमजल्यावर पाळणाघराला जागा द्यावी, निदान त्यांची स्वतःची जागा होईपर्यंत. भाषा-जात न बघता, सगळ्यांच्या मुलांसाठी. निवृत्त शिक्षिका, नर्स, डॉक्टर आपल्यात भरपूर आहेत. देखरेख समितीवर त्या बसू शकतात.

दोन. आपल्यात आई-वडिलांच्या स्मरणार्थ विद्यापीठात सुवर्णपदक ठेवायची मोठी हौस आहे. चांगली आहे. ते पदक वर्षातून एकदा एका मुलीच्या गळ्यात पडतं, आणि तिच्या बाळाला सांभाळायला कोणी नसेल तर पुढे कपाटात पडतं. पुढच्या वेळी कोणी देणगी काढणार असेल तर ती "फक्त आवारातल्या पाळणाघरासाठी" अशी अट घालून द्यावी. अटीची देणगी दुसरीकडे वळवता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या घरापुरतं मी आणि ह्यांनी ठरवलं आहे: माईच्या नावाने एक लाखाची ठेव, व्याज दर वर्षी पाळणाघराच्या दूध-खाण्याला. जे विद्यापीठ आधी पाळणाघर सुरू करून दाखवेल त्याला.

कुलसचिवांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करून ठेवला आहे. दीड पान आहे, वरचा हिशेब त्यात आहे, फक्त गावाचं नाव आणि पगाराचे आकडे बदलायचे. सिनेट किंवा सिंडिकेटवर आपलं कोणी असेल तर एक प्रत त्यांच्या हातात द्या. ज्यांना मसुदा हवा त्यांनी सांगावं, पाठवते. आणि ज्यांच्या गावी असं पाळणाघर नीट चाललं आहे त्यांनी ते किती मुलांचं, किती ते किती वाजेपर्यंत, फी काय, एवढं जरूर लिहा. दुसऱ्या गावच्या अर्जाला तो पुरावा म्हणून जोडता येईल.